नियमित व्यायामामुळे रक्तदाबावरील मेंदूचे नियंत्रण सुधारते

उच्च रक्तदाब हा केवळ हृदय आणि रक्तवाहिन्यांचा विकार नसून त्यात मेंदूचाही मोठा वाटा असतो. मानेतील धमन्या आणि महाधमनीच्या भिंतींमधील संवेदक रक्तदाबाची माहिती सतत मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे पाठवतात. दाब वाढताच लंबमज्जा अनुकंपी चेतासंस्थेला आवर घालते. त्यामुळे हृदयाची गती मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांमध्ये ही यंत्रणा बोथट होते आणि अनुकंपी चेतासंस्था वाजवीपेक्षा अधिक सक्रिय राहते.

जपानमधील क्योटो विद्यापीठाने १९६० च्या दशकात आनुवंशिक उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांची जात विकसित केली. या उंदरांवरील प्रयोगांत, नियमित धावण्यामुळे मेंदूच्या नियंत्रण केंद्रांमधील अँजिओटेन्सिनचा प्रभाव आणि ऑक्सिडेटिव्ह ताण घटल्याचे आढळले आहे.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्येही चालणे, पोहणे अशा नियमित व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. व्यायाम थांबवल्यास हा लाभ ओसरतो. मात्र, रक्तदाब उतरला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.