विंडोज टाकताना वीज वाचवू नका

घरच्या संगणकावर विंडोज नव्यानं टाकायची वेळ काही वर्षांतून एकदा येते. बँका, विद्यापीठं, रुग्णालयं, हिंजवडी-ऐरोलीतल्या कंपन्या यांच्या आयटी विभागांत मात्र ते रोजचं काम. टेबलावर वीसेक लॅपटॉप ओळीनं मांडायचे, प्रत्येकाला नेटवर्कची वायर लावायची आणि पडद्यावरची पट्टी पुढे सरकायची वाट बघायची. एका खेपेत दहा-पंधरा मिनिटं वाचली, तर संध्याकाळपर्यंत एक जास्तीची खेप निघते.

या कामाचा कणा म्हणजे ‘टास्क सीक्वेन्स’. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये पायऱ्या एकदा लिहून ठेवल्या, की डिस्कचे भाग पाडणं, विंडोजची इमेज उतरवणं, ड्रायव्हर घालणं, मशीन डोमेनला जोडणं, ऑफिस आणि अँटिव्हायरस बसवणं हे सगळं ओळीनं आपोआप होतं. नीट लिहिलेला टास्क सीक्वेन्स हे मला उत्तम कारागिरीचं काम वाटतं. ज्याला यातलं काहीच दिसत नाही अशा कर्मचाऱ्याला सकाळी तयार मशीन मिळतं, त्यामागे कुणीतरी प्रत्येक पायरीचा विचार केलेला असतो.

वेग कमी पडला की बोट आधी नेटवर्ककडे जातं. स्विच बघतात, सर्व्हर बघतात, वायर बदलून बघतात. प्रोसेसर अर्ध्या ताकदीनं चालला असेल, हे फार थोड्यांच्या मनात येतं. याचं मूळ विंडोज पीई नावाच्या छोट्या विंडोजमध्ये आहे. कोऱ्या मशीनवर सगळ्यात आधी हीच सुरू होते. ती डिस्कवर नव्हे, रॅममध्ये राहते, स्वतःसाठी एक्स नावाचा ड्राईव्ह मांडते, आणि सलग ७२ तास चालू राहिली तर आपणहून रीस्टार्ट होते. मूळ विंडोजसारखाच तिलाही पॉवर प्लॅन असतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो ‘बॅलन्स्ड’ असतो.

बॅलन्स्डमध्ये वाईट काही नाही. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६मध्ये एसीपीआय हे मानक आणलं आणि वीज कुठे वाचवायची हे ठरवण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून काम नसताना दोन्ही खाली आणणं शहाणपणाचंच. लॅपटॉपची बॅटरी दिवसभर पुरते ती यामुळेच. बॅलन्स्डमध्ये प्रोसेसरची किमान मर्यादा सहसा ५ टक्क्यांवर ठेवलेली असते, हाय परफॉर्मन्स या दुसऱ्या प्लॅनमध्ये ती १०० टक्के असते.

अडचण येते ती इमेज उतरवण्याच्या कामाच्या स्वभावामुळे. व्हिस्टाच्या काळात आलेल्या विम फाईलमध्ये विंडोज दाबून भरलेली असते. तुकडा वाचायचा, उलगडायचा, डिस्कवर लिहायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. मधल्या प्रत्येक थांब्यात प्रोसेसरला वाटतं काम संपलं, आणि तो वेग उतरवतो. पुन्हा चढायला त्याला क्षणभर लागतो. असे क्षण हजारो वेळा साठले की मिनिटं होतात. डाऊनलोड झालेल्या पॅकेजचा हॅश तपासणं, अपडेट बसवणं ही कामंही प्रोसेसरवरच अवलंबून असतात.

उपाय एका ओळीचा आहे. बूट इमेजमध्ये सोय दिलेली असेल तर एफ८ दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे पॉवरसीएफजी हा आदेश, त्यापुढे तिरकी रेघ देऊन एस, आणि मग हाय परफॉर्मन्स प्लॅनचा ‘८सी५ई’पासून सुरू होणारा ३६ चिन्हांचा ओळख क्रमांक लिहायचा. एंटर मारल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, पण प्लॅन बदललेला असतो. इमेज उतरवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या नमुना स्क्रिप्टमध्येही हीच ओळ आहे. अनुभवी मंडळी ती टास्क सीक्वेन्सची पहिली पायरी म्हणून घालतात.

पण एकदा घालून भागत नाही. विंडोज पीई रॅममध्ये असल्यामुळे रीस्टार्ट झालं की तिला आधीचं काही आठवत नाही. पुढे मूळ विंडोज सुरू होते तीही स्वतःचा बॅलन्स्ड घेऊनच. त्यामुळे प्रत्येक रीस्टार्टनंतर तीच पायरी पुन्हा लिहावी लागते. अनेक ठिकाणी हे राहून जातं, आणि मग सॉफ्टवेअर बसवण्याचा सगळ्यात लांबलेला टप्पा संथच राहतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या १९१० आवृत्तीपासून मात्र टास्क सीक्वेन्सच्या गुणधर्मांतच हाय परफॉर्मन्सवर चालवण्याची एक टिक मिळते. ती लावली की प्रत्येक रीस्टार्टनंतर प्लॅन आपोआप बदलतो, आणि विंडोजमध्ये आधी जो प्लॅन चालू होता तो काम संपल्यावर परत बसवला जातो. मला ही सोय हातानं लिहिलेल्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

ज्याला फरक मोजायचा आहे त्यानं व्हर्च्युअल मशीनवर मोजू नये, तिथे या टिकेचा परिणाम होत नाही. ज्या नव्या प्रोसेसरमध्ये वेगाची चढउतार चिपच सांभाळते, तिथेही लाभ कमी दिसेल. नेटवर्कवरून बूट फाईल उतरत असते तेव्हा विंडोज पीई सुरूच झालेली नसते, त्यामुळे तो वेळ पॉवर प्लॅननं घटत नाही. खरी मदत होते ती जुन्या आणि मध्यम वयाच्या मशीनना, आणि आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये तीच जास्त असतात. मात्र अगदी कमकुवत मशीन बराच वेळ पूर्ण ताकदीनं चालवली तर तापतात, म्हणून आधी उत्पादकाची सूचना वाचावी.

लॅब सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या खेपेला एकाच मॉडेलची दोन मशीन घ्या, एकावर ही पायरी घाला, दुसऱ्यावर घालू नका, आणि दोन्हींचा वेळ लिहून ठेवा. चार्जर लावल्याशिवाय सुरुवात करू नका. पायऱ्या हातानं लिहिल्या असतील, तर शेवटच्या पायरीत बॅलन्स्ड परत बसवा, नाहीतर तो लॅपटॉप वापरणाऱ्याची बॅटरी विनाकारण लवकर संपेल.