निबंधाची प्रतिज्ञा

अक्षर वळणदार आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे, सुभाषितें जागच्या जागीं पेरलेलीं आहेत; आणि तरीहि निबंध वाचून संपल्यावर हातीं कांहींच लागत नाहीं, असा अनुभव परीक्षकांना वारंवार येतो. त्याचें कारण बहुधा भाषेंत नसतें. आपल्याला काय म्हणावयाचें आहे, हें लेखकानें लिहिण्यापूर्वीं ठरविलेलेंच नसतें.

एकाद्या सुशिक्षित घरांतील नेहमींचें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. कॉलेजांत जाणारा मुलगा ‘एकोणिसाव्या शतकांतील मुंबईची वाढ’ या विषयावर चार पानें लिहून वडिलांच्या हातीं देतो. वडील तीं वाचतात आणि विचारतात, “माहिती पुष्कळ जमविली आहेस, पण तुझें म्हणणें काय?” मुलगा गोंधळून उत्तरतो, “म्हणणें? विषय मुंबईची वाढ हाच आहे ना, बाबा!” सारी अडचण या उत्तरांत आहे. विषय ही नुसती जागा झाली. त्या जागेवर उभें राहून लेखक जें ठामपणें सांगतो, तें त्याचें प्रतिपाद्य. विषय परीक्षक देतो; प्रतिपाद्य मात्र ज्याचें त्यानेंच शोधावयाचें असतें.

भारतीय परंपरेला हा भेद नवा नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. ‘डोंगरावर अग्नि आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तेथें धूर दिसतो’ हा हेतु. ‘जेथें धूर तेथें अग्नि, जसा स्वयंपाकघरांत’ हें उदाहरण. ‘या डोंगरावरहि तसाच धूर आहे’ हा उपनय, आणि ‘म्हणून डोंगरावर अग्नि आहे’ हें निगमन. आजच्या विद्यापीठांत निबंधाकडून जी अपेक्षा असते, ती याहून फार निराळी नाहीं. आरंभीं प्रतिज्ञा असावी, मधल्या परिच्छेदांनीं हेतु व उदाहरणें पुरवावीं, आणि शेवटीं निगमन यावें.

प्रतिज्ञा सबळ आहे कीं दुर्बळ, हें कसें ओळखावें? पहिली कसोटी अशी कीं, एकाद्या समंजस माणसाला ती नाकारतां आली पाहिजे. ‘मुंबई हें मोठें शहर आहे’ हें कोणीच नाकारणार नाहीं. म्हणून तें सिद्ध करण्याचेंहि कारण उरत नाहीं. दुसरी कसोटी, तिनें निवड केली पाहिजे. ‘मुंबईच्या वाढीला अनेक कारणें आहेत’ हें वाक्य कोणत्याहि शहराला लागू पडतें. तिसरी, तिच्या पोटांत ‘कारण’ हा शब्द असला पाहिजे. ‘मुंबईसारखें शहर जगांत नाहीं’ हा अभिमान झाला. त्याला पुरावा कसला देणार?

आतां पुढील वाक्य पाहावें: ‘एकोणिसाव्या शतकांत मुंबईला मोठेपण दिलें तें कापसाच्या तेजीनें नव्हे, तर सह्याद्रि ओलांडणाऱ्या लोहमार्गांनीं, कारण तेजी ओसरली आणि मार्ग राहिले.’ यांत निवड आहे, कारण आहे, आणि मतभेदाला जागाहि आहे. शिवाय पुढील परिच्छेदांत काय यावयास हवें, याची मागणीहि या वाक्यानेंच करून ठेविली आहे.

मधल्या परिच्छेदांकडे वळतांच दुसरी चूक दिसूं लागते. मुलाच्या वहींतील एक परिच्छेद असा होता: ‘१८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी शहराला मिळूं लागलें.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बाजाराच्या पिशवींत भाजी, साबण आणि दिव्याची वात एकत्र पडावी, तशा त्या शेजारीं पडल्या आहेत. एकीमुळें दुसरी आली असें नाहीं, आणि तिघी मिळून कांहीं सिद्ध करतात असेंहि नाहीं.

अलेक्झांडर बेन या स्कॉटिश पंडितानें १८६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी रचनाशास्त्रांत परिच्छेदाचे जे नियम घालून दिले, त्यांतील दोन येथें विशेष उपयोगाचे आहेत. परिच्छेदाचें पहिलें वाक्य साधारणतः त्याचा आशय सुचविणारें असावें, आणि परिच्छेदाचा रोख एकच असावा, म्हणजे त्यांत विषयांतर होऊं नये. हे दोन नियम पाळून तोच परिच्छेद पुन्हां लिहिला, तर तो असा होईल:

‘घाट चढणारा लोहमार्ग होईपर्यंत मुंबई बंदराच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत उभी होती. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत गाडी धावली, तरी ती घाटाखालींच राहिली. देशावरील मालाला घाट उतरण्यासाठीं बैलांचाच आधार होता. १८६३ सालीं बोरघाटांतील मार्ग खुला झाला, १८६५ सालीं थळघाटांतील, आणि १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. म्हणजे चार वर्षांच्या आंत पुणें, खानदेश आणि वऱ्हाड हे प्रदेश मुंबईच्या धक्क्याला जोडले गेले. भाव चढोत वा उतरोत, ही जोडणी तुटणारी नव्हती.’

येथें पहिलें वाक्य ही परिच्छेदापुरती प्रतिज्ञा आहे. पुढील तीन वाक्यें पुरावा देतात. पांचवें वाक्य ‘म्हणजे’ या शब्दानें त्या पुराव्याचा अर्थ सांगतें. न्यायशास्त्रांतील उपनयाचें काम तें हेंच. सहावें वाक्य परिच्छेदाला मूळ प्रतिज्ञेशीं नेऊन बांधतें. विद्यार्थी सहसा चुकतो तो पांचव्या वाक्यांत. सनावळी दिली कीं तिचा अर्थ वाचक आपोआप काढील, असें त्याला वाटतें. परंतु धूर दाखविला तरी त्याचा अग्नीशीं संबंध सांगावा लागतो. विद्यापीठाचें आणि विहार तलावाचें काय झालें, असें कोणी विचारील. त्या गोष्टी महत्त्वाच्याच आहेत. पण या प्रतिज्ञेला त्यांची साक्ष लागत नाहीं, म्हणून त्या गाळल्या. मेहनतीनें जमविलेली माहिती टाकून देणें जिवावर येतें, हें खरें. तरीहि तें केल्यावांचून परिच्छेदाला एकाग्रता येत नाहीं.

यानंतर पूर्वपक्षाची पाळी येते. प्रतिपक्षी म्हणेल, ‘१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. तो कसा विसरतां?’ त्याला उत्तर आहे: युद्ध संपतांच १८६५ सालीं कापसाचे भाव कोसळले आणि अनेक कंपन्या बुडाल्या. पण प्रतिपक्षी तेवढ्यानें गप्प बसणार नाहीं. तो म्हणेल, ‘हे लोहमार्ग तरी कशासाठीं घातले? देशावरचा कापूस बंदरावर आणावा, हाहि त्यांतील एक मोठा हेतु होताच ना?’ हा आक्षेप खरा आहे, आणि लेखकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा या ठिकाणीं होते. आक्षेप लपविला तर निबंध कदाचित् अधिक ठसकेबाज दिसेल, पण तो असत्य होईल. म्हणून प्रतिज्ञाच सुधारली पाहिजे: ‘कापसानें मुंबईला धन दिलें आणि लोहमार्गाची निकडहि निर्माण केली, परंतु तेजीनंतरहि शहराचा व्यापार टिकला तो सह्याद्रि ओलांडणाऱ्या मार्गांमुळें.’ हें वाक्य पहिल्याइतकें झोंकदार नाहीं, पण अधिक खरें आहे. पुराव्यापुढें प्रतिज्ञा बदलणें यांत पराभव नाहीं. निबंध लिहितां लिहितां लेखक कांहीं शिकला, याची ती खूण आहे.

मराठी गद्याला ही शिस्त परकी नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभीं, विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या दैन्यापर्यंत एकामागून एक कारणांची सांखळी मोजक्या शब्दांत मांडलेली आहे. पुढील विवेचन कोणत्या दिशेनें जाणार, हें त्या ओळींवरून वाचकाला आधींच कळतें. ती मांडणी लोकांच्या तोंडीं बसली, यांत तिच्या नेमकेपणाचा वांटा मोठा आहे.

तयार निबंधांच्या पुस्तकांतून पाठ केलेल्या मजकुरानें गुण मिळतीलहि. पण दुसऱ्याची प्रतिज्ञा पाठ करणारा मुलगा पुढें सभेंतील भाषण किंवा वृत्तपत्रांतील अग्रलेखहि तसाच, न तपासतां गिळूं लागतो. ‘याचें म्हणणें काय, पुरावा कोणता, आणि यानें कोणता आक्षेप टाळला?’ हे तीन प्रश्न ज्यानें स्वतःच्या लेखनाला विचारले असतील, त्यालाच ते दुसऱ्याच्या लेखनाला विचारण्याची संवय लागते.

घरांतील वडील मंडळींना यासाठीं मोठी विद्वत्ता नको. मुलानें किंवा मुलीनें निबंध आणून दाखविला, कीं प्रथम तो मिटून ठेवण्यास सांगावें आणि त्यांतील म्हणणें एका वाक्यांत तोंडीं विचारावें. मग वही उघडून प्रत्येक परिच्छेदाचें केवळ पहिलें वाक्य क्रमानें वाचावें. त्या वाक्यांतून युक्तिवाद उभा राहिला, तर निबंधाचा पाया भक्कम आहे. नाहीं तर शुद्धलेखन तपासण्याची घाई करूं नये. मुलाला आणखी एक दिवस विचार करूं द्यावा.