बारा रुपयांची स्ट्रॉबेरी

गेल्या उन्हाळ्यात चाळीतली खोली आवरायला काढली. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली घेतली. त्यात आईची जुनी लुगडी निघाली, शाळेचे दाखले निघाले आणि अगदी तळाशी रुमालात गुंडाळलेली बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी निघाली. गुलाबी टोपण, आत घट्ट झालेला पिवळट चिकटा. आमच्या लेकीने टोपण उघडून हुंगले आणि नाक मुरडले. "आई, हे काय गं? खवट तेलाचा वास येतोय."

तिला काय सांगावे? तिच्या पर्समध्ये आज दोन-तीन लिपग्लॉस असतात. आमच्या वेळी चौघींत मिळून एक होता.

आमच्या लहानपणी ओठांना लावायची वस्तू म्हणजे कोकमाचे तेल. मे महिन्यात गावाहून परतताना आजी कोकमाच्या बियांच्या तेलाचा मुठेल बांधून द्यायची. ते तेल थंड झाले की मेणासारखे घट्ट होते, म्हणून हाताने मुठीत वळून त्याचे गोळे करतात. थंडीत ओठ फुटले, टाचा भेगाळल्या, की आई तो गोळा चुलीजवळ धरून पाघळवायची. त्याच बोटाने ओठ आणि त्याच बोटाने टाच! आज हेच कोकमाचे तेल सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते, हे आजीला सांगितले असते तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. पण त्याला रंग नव्हता, गोडी नव्हती. ते औषध होते, हौस नव्हती.

हौस म्हणजे बर्फाचा गोळा. लाल सरबताचा गोळा चोखून ओठ रंगले की आम्ही खिडकीच्या काचेत बघून घेत असू. पण तो रंग घरी पोचेपर्यंत उतरायचा.

1994 साल. आम्ही चौघी नववीत होतो. 1982 च्या संपानंतर आमच्या वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. कुणाचे वडील वॉचमन, कुणाचे हमाल. आया पोळ्या लाटायच्या. त्याच वर्षी मे महिन्यात सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली आणि नोव्हेंबरात ऐश्वर्या रायने जगत्सुंदरीचा मुकुट मिळवला. ज्या घरांत त्यांचे फोटो कौतुकाने पाहिले जात, त्याच घरांत मुलीने आरशासमोर दोन मिनिटे जास्त काढली तर पाठीत धपाटा बसायचा.

एके दिवशी आत्याकडे कल्याणला निघालो होतो. लोकलच्या बायकांच्या डब्यात पिना, टिकल्या विकणारी बाई चढली. तिच्या पाटीत या नळ्या होत्या. तोंडाशी एक गोळी बसवलेली, ओठांवर फिरवली की गोड रस उतरायचा. किंमत बारा रुपये. आत्याने खाऊला दिलेले, भाऊबिजेचे, असे करून प्रत्येकीने तीन-तीन रुपये जमवले आणि परतीच्या वाटेवर ती घेतली. ठरले असे, की प्रत्येकीकडे एकेक आठवडा.

वास स्ट्रॉबेरीचा होता. म्हणजे नळीवर तसे चित्र होते, म्हणून आम्ही मानले. स्ट्रॉबेरी आमच्यापैकी कुणीही खाल्लेली नव्हती. ती आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर-पाचगणीला पिकते, हे भूगोलात होते. पण ते फळ आम्हाला नळीतूनच कळले. पुढे नोकरीला लागल्यावर सहलीत खरी स्ट्रॉबेरी खाल्ली, तर आंबट! तोंडातून निघून गेले, "हिला स्ट्रॉबेरीचा वासच नाही." प्रयोगशाळेतला वास आमच्या जिभेवर आधी बसला होता.

ही कल्पना आली अमेरिकेतून. तिथल्या ओहायो राज्यातल्या बॉन बेल नावाच्या कंपनीने 1973 साली मुलींसाठी 'लिप स्मॅकर' काढले. स्ट्रॉबेरी, हिरवे सफरचंद आणि लिंबू अशा चवींपासून सुरुवात झाली. दोनच वर्षांनी एका प्रसिद्ध शीतपेयाची चव आली. तिथल्या आज साठीच्या घरातल्या बायकाही ती चव आठवून हळव्या होतात म्हणे. त्यात नवल नाही. आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने घेतलेली पहिली वस्तू कोण विसरते?

आमची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही.

तिसरा आठवडा चौथ्या मैत्रिणीचा होता. तिच्या थोरल्या भावाने पेन घ्यायला तिची कंपासपेटी उघडली आणि नळी सापडली. "कुठल्या पोराने दिली?" हा पहिला प्रश्न. ती रडत म्हणाली, "मैत्रिणींची आहे, चौघींची." तिचे वडील तिला हाताला धरून गॅलरीतून आमच्या एकेका दारात आले. "ही तुमची का?" आम्ही आपापल्या आईच्या तोंडाकडे पाहिले. तिघीही "नाही" म्हणालो.

त्यांनी नळी खाली अंगणात भिरकावली. रात्री आम्ही ती शोधून उचलून आणली. एवढेच आमच्याने झाले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. 1996 साली तिचे लग्न झाले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुलीचे वय अठरा हवे, हा कायदा 1978 पासून होता. तो कुणाला आठवला नाही. आम्ही तिघी दहावी झालो. आम्ही स्वतः बी.कॉम. करून कचेरीत लागलो, सभा-शिबिरांत मुलींच्या शिक्षणावर बोलू लागलो. टाळ्या पडायच्या तेव्हा ते "नाही" आठवायचे.

नळी सापडल्यावर राहवेना. तिला घेऊन दिव्याला तिच्या घरी गेलो. चहा झाला. नळी तिच्यासमोर ठेवली आणि तीस वर्षे पोटात ठेवलेले बोललो. ती बराच वेळ नळी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही लहान होतात गं. पण माझा आठवडा होता. दोनच दिवस लावली मी. पाच दिवस राहिलेत माझे."

ती हसत होती. आम्हाला हसता आले नाही.

माता-भगिनींनो, एक नळी चौघींनी ओठांना लावावी, असे आम्ही आज कुणाला सांगणार नाही. ओठांवरचे फोड त्यातून एकीचे दुसरीला होतात. वस्तू घ्याल ती मुदत आणि उत्पादकाचे नाव वाचून घ्या. पण मुलीच्या कंपासपेटीत असे काही सापडले, तर आधी तिचे बोलणे पुरते ऐकून घ्या. आणि मुलींनो, तुमच्या दारात कुणी विचारायला आले, तर "हो, आमची आहे" एवढे म्हणा.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दिव्याला जाणार आहोत. लेकीने नवी स्ट्रॉबेरीची नळी आणून दिली आहे. ती आता तिच्याकडेच राहील.