दोन कुलपांची पेटी, सव्वीस वर्षांची नवरी

26 आणि 28. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये पहिलं लग्न करणाऱ्या मुलीचं आणि मुलाचं सरासरी वय साधारण एवढं होतं. 4.75 हा दर घरामागच्या माणसांचा आकडा, नोकरचाकर धरून. तो 1574 ते 1821 या काळातल्या शंभर वस्त्यांच्या याद्यांवरून निघाला. आणि 5.8 टक्के म्हणजे त्याच याद्यांतली अशी घरं, जिथं तीन पिढ्या एका छपराखाली राहत होत्या.

जुना काळ म्हटलं की आपल्यापुढं बालविवाह आणि गच्च भरलेलं घर उभं राहतं. इंग्रज वाचकांच्या मनातलं चित्रही 1960 पर्यंत फारसं वेगळं नव्हतं. आधी एकत्र कुटुंब होतं, मग कारखाने आले आणि ते मोडलं, हे तिकडच्या समाजशास्त्रानं जवळजवळ गृहीतच धरलं होतं. वरच्या आकड्यांनी ते गृहीतक निकालात काढलं. पण त्या काळात हे आकडे कुणीही मोजलेले नव्हते. इंग्लंडची पहिली जनगणना 1801 ची. त्याआधीच्या अडीचशे वर्षांचा हिशेब भलत्याच कामासाठी लिहिलेल्या वह्यांतून काढावा लागला.

त्या वह्यांची सुरुवात सप्टेंबर 1538 मधली. आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्रीनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी वहीत टिपावीत. वही ठेवायला दोन कुलपांची पेटी, एक किल्ली पाद्रीकडे आणि दुसरी चर्चच्या पंचांकडे. चुकारपणा केला तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो चर्चच्या डागडुजीला. लोकांना पहिला संशय आला तो कराचा. दोनच वर्षांपूर्वी उत्तरेत झालेल्या बंडामागंही बारसं, लग्न आणि मयतावर पट्टी बसणार ही आवई होतीच. आवई अगदीच खोटी नव्हती, दीडशे वर्षं लवकर उठली होती एवढंच. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवायला पार्लमेंटनं 1695 मध्ये खरंच असा कर बसवला: जन्माला दोन शिलिंग, लग्नाला अडीच, दफनाला चार, श्रीमंतांना हुद्द्याप्रमाणे वाढीव. पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित पुरुषाला वर्षाला एक शिलिंग वेगळा.

फ्रान्समध्ये 1539 च्या राजाज्ञेनं बाप्तिस्म्यांची आणि 1579 च्या आज्ञेनं लग्न-दफनांची नोंद सक्तीची केली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं 1563 मध्ये साऱ्या कॅथलिक जगाला वह्या ठेवायला लावल्या. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या चर्चमधल्या नोंदवह्या याच परंपरेतल्या.

एक वही जवळून पाहू. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या चर्चच्या वहीत 26 एप्रिल 1564 ला जॉन शेक्सपियरचा मुलगा विल्यम याच्या बाप्तिस्म्याची लॅटिन ओळ आहे. जन्मतारीख नाही, पाद्रीला जन्माशी कर्तव्य नव्हतं. 23 एप्रिल ही जयंती मागाहून बांधलेल्या अंदाजाची. अडीच महिन्यांनी, 11 जुलैला, एका विणकराकडे कामाला असलेल्या शिकाऊ पोराच्या दफनाशेजारी तीन लॅटिन शब्द येतात. अर्थ एवढाच, की रोगाची साथ इथून सुरू झाली. वर्ष संपेपर्यंत त्या छोट्या गावात दोनशेहून अधिक माणसं दगावली. विल्यमच्या आधी त्याच्या आईबापांना दोन मुली झाल्या होत्या. मार्गारेटच्या दफनाची नोंद आहे. थोरल्या जोनच्या दफनाची नाही. ती गेली हे कळतं ते 1569 मध्ये याच घरात पुन्हा जोन नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला म्हणून. भरीला भर म्हणजे वहीचा हा भाग मूळ नव्हेच. जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्या असा हुकूम सोळाव्या शतकाच्या अखेरीस निघाला, तेव्हा एका हातानं केलेली ही नक्कल.

जोनसाठी केला तसा तर्क गावातल्या प्रत्येक घरासाठी करायचा. बाप्तिस्मा, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन जोडून एकेका कुटुंबाचा तक्ता भरायचा. ही रीत 1950 च्या दशकात फ्रान्समध्ये लुई आंरी यानं पक्की केली. केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी 1964 मध्ये लोकसंख्येच्या इतिहासासाठी गट उभा केला, आणि गावोगावच्या हौशी मंडळींनी वह्या उघडून महिन्या-महिन्याचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं मोजून पाठवली. पगारी संशोधकांना हे काम जन्मात झालं नसतं. अशा 404 पॅरिशांच्या बेरजांवरून रिग्ली आणि रॉजर स्कोफिल्ड यांचा 1541 ते 1871 चा लोकसंख्येचा इतिहास 1981 मध्ये निघाला. कुटुंबाचे तक्ते भरण्याचं काम त्याहून कितीतरी किचकट. 1997 च्या ग्रंथात ते 26 पॅरिशांपुरतं आहे. दहा हजारांच्या आसपास पॅरिशांतल्या 26. पुढचं वाचताना हे प्रमाण विसरू नये.

आता नवरीकडे वळू. कँटरबरी धर्मप्रांतात 1619 ते 1660 दरम्यान दिलेले लग्नाचे हजारभर परवाने लॅस्लेटनं तपासले. त्यांत तेरा वर्षांची नवरी एकच, पंधराच्या चार, सोळाच्या बारा. बाकी सगळ्या सतरा किंवा त्यापुढच्या. रंगमंचावरची ज्युलिएट चौदाचीही नव्हती. तिचा लेखक शेक्सपियर मात्र 1582 मध्ये अठराव्या वर्षी बोहल्यावर चढला आणि त्याची बायको अ‍ॅन हॅथवे सव्वीस वर्षांची होती. बायको आठ वर्षांनी मोठी, यावर चरित्रकारांनी पानंच्या पानं लिहिली. आकड्यांच्या दृष्टीनं अ‍ॅन अगदी चारचौघींसारखी. वेगळा होता तो नवरा.

लग्न एवढं उशिरा का, याचं उत्तर चाकरीत आहे. पंधरा ते चोवीस या वयातली सुमारे 60 टक्के पोरं-पोरी दुसऱ्याच्या घरी राहून काम करत, असा इतिहासकार अ‍ॅन कुसमॉलचा अंदाज आहे. शेतावर वर्षाचा करार, राहणं-खाणं मालकाकडे, हातात थोडा रोख पगार, आणि वर्ष संपलं की बहुधा दुसरं घर. यात गरिबांचीच पोरं होती असं नाही. बऱ्यापैकी शेतकऱ्याची मुलगीही शेजारच्या गावात दुधा-लोण्याचं काम करी. लग्न म्हणजे वेगळी चूल, वेगळी चूल म्हणजे भांडीकुंडी, एखादी गाय, भाड्याचं घर. त्याची जमवाजमव व्हायला दहा-बारा वर्षं जात. सासूच्या हाताखाली नांदायला जायचं नसल्यामुळं घाईचंही काही कारण नव्हतं.

मग एवढी वर्षं तरुण माणसं राहत कशी? लग्नाबाहेरच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचं प्रमाण 1600 च्या सुमारास तीन-चार टक्के होतं, आणि 1650 च्या दशकात ते एकाच्या आसपास उतरलं. प्युरिटन राजवटीत पाद्री अशी नोंद करायला बिचकत असतील, हेही त्यात धरायला हवं. पण दुसरा आकडा बोलका आहे. सतराव्या शतकात पाचांतली जवळपास एक नवरी लग्नाच्या वेळी गरोदर होती. अ‍ॅन हॅथवेचं लग्न नोव्हेंबर 1582 च्या अखेरीस, आणि थोरली लेक सुझॅना हिचा बाप्तिस्मा 26 मे 1583 ला. शब्द दिला-घेतला की निम्मं लग्न झालं अशीच गावाची समजूत होती.

घराच्या आकाराबद्दल 4.75 हा आकडा मला थोडा अपुरा वाटतो. सरासरी बरोबर आहे, पण ती कुणाच्याच घराची नाही. त्या काळचा आकडेतज्ज्ञ ग्रेगरी किंग यानं 1688 सालच्या इंग्लंडचा जो तक्ता बांधला, तो शेजारी ठेवला की हे दिसतं. त्याच्या हिशेबानं उमरावांच्या 160 घरांत दर घरी 40 माणसं, सभ्य गृहस्थांच्या 12,000 घरांत 8, दुकानदाराकडे साडेचार, मजुराकडे साडेतीन आणि झोपडीत राहणाऱ्या अतिगरिबाकडे सव्वातीन. मोठं घर ही ऐपतीची खूण होती. नाती वाढल्यानं ते मोठं होत नसे, वरच्यांकडे आलेल्या चाकरांमुळं होई, आणि ती चाकर पोरं खालच्या घरांतून गेलेली असत. गरिबाचं घर लहान दिसतं, कारण त्याची चौदा-पंधरा वर्षांची पोरं सरासरीत दुसऱ्याच्या ओळीत मोजली गेली आहेत.

किंगचा तक्ता डोळे झाकून घेण्यासारखा नाही. त्यानं एकूण लोकसंख्या सुमारे 55 लाख धरली. आजचा अंदाज 50 लाखांच्या आतबाहेर आहे. कुटुंबं त्यानं दोन गटांत वाटली: देशाची संपत्ती वाढवणारी 5,11,586 आणि घटवणारी 8,49,000. मजूर, खलाशी, शिपाई सगळे घटवणाऱ्यांत. ज्यांच्या घामावर देश चालला तेच खर्चाच्या बाजूला. ही विभागणी किंगच्या वर्गाबद्दल जेवढं सांगते तेवढं मजुरांबद्दल सांगत नाही. गंमत अशी की हिशेबासाठी त्यानं वापरलेली बरीचशी माहिती 1695 च्या त्या जन्म-लग्न-दफन कराच्या याद्यांतून आलेली होती.

लग्नाचं वय ही रिवाजाची गोष्ट वाटते, पण ते हलत होतं. डेव्हनमधल्या कॉलिटन गावचे रिग्लीनं 1966 मध्ये मांडलेले आकडे पाहा. तिथं 1560 ते 1646 या काळात नवरीचं सरासरी वय 27 होतं, 1647 ते 1719 मध्ये साडेएकोणतीसच्या पुढं गेलं, आणि 1770 नंतर 25 वर आलं. मधल्या काळात नवरी सरासरीनं नवऱ्याहून मोठी होती. या काळाच्या तोंडाशी, 1645-46 मध्ये, प्लेगनं वर्षभरात चारशेच्या आसपास माणसं नेली होती. साथीनंतर जागा रिकाम्या झाल्या, मजुरी वाढली, तर लग्नं लवकर व्हायला हवी होती, झालं उलटं. त्याच काळात तिशी ओलांडलेल्या बायांची बाळंतपणंही कमी झालेली दिसतात, म्हणून रिग्लीनं जाणूनबुजून केलेल्या संततिनियमनाचा तर्क मांडला. वाद अजून मिटलेला नाही. कॉलिटन हे साऱ्या इंग्लंडचं प्रातिनिधिक गाव नव्हतं, एवढं मात्र पुढच्या कामात स्पष्ट झालं.

देशपातळीवर चित्र जास्त सुसंगत आहे. 1541 मध्ये सुमारे 28 लाख लोक, 1651 मध्ये 53 लाख. माणसं जवळपास दुप्पट झाली, धान्य त्या वेगानं वाढलं नाही, भाव चढले, आणि मजुरीची खरी किंमत सोळाव्या शतकात निम्म्यावर आली. मग लग्नं लांबली, काहींची झालीच नाहीत, आणि 1650 नंतर लोकसंख्या पन्नास वर्षांहून अधिक काळ जागेवर राहिली. अठराव्या शतकात नवरीचं वय दोन-अडीच वर्षांनी उतरलं, आणि 1801 पर्यंत माणसं 86 लाखांवर गेली. मृत्यू कमी झाले म्हणून लोकसंख्या वाढली, हे शाळेतलं उत्तर इंग्लंडला लागू पडत नाही. मोठा वाटा लवकर झालेल्या आणि जास्त झालेल्या लग्नांचा.

जन्मावेळचं आयुर्मान 35 ते 40 वर्षं, या आकड्यानं दर वेळी घोटाळा होतो. पस्तिशीत माणसं म्हातारी होत नव्हती. हजारातली दीडशेहून अधिक बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात, त्यानं सरासरी खाली ओढली जाई. पंचविशी गाठलेल्या माणसाला आणखी तीसेक वर्षं मिळत.

साक्षरतेचा आकडाही असाच जपून वाचावा लागतो. तिचा माग सह्यांवरून काढतात. 1641-42 मध्ये प्रौढ पुरुषांकडून धर्मनिष्ठेची शपथ घेतली गेली, तिच्या कागदांवर सुमारे 70 टक्क्यांनी नाव न लिहिता फुली किंवा खूण केली. 1754 पासून लग्नाच्या वहीत सही सक्तीची झाली, तेव्हा सही करणारे नवरे 60 टक्के आणि नवऱ्या 40 च्याही आत. पण शाळेत वाचन आधी शिकवत आणि लेखन नंतर. सातव्या-आठव्या वर्षी कामाला जुंपलेली मुलगी बायबल वाचू शके, सही करू शकत नसे. हे मोजमाप बायकांच्या बाबतीत सगळ्यात कच्चं आहे.

आणि हे सगळं इंग्लंडचं. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनल यानं 1965 मध्ये लेनिनग्राडपासून ट्रिएस्टपर्यंत रेघ ओढून तिच्या पश्चिमेला उशिरा लग्नाचा युरोप दाखवला. पण पश्चिमेतही दक्षिण वेगळी होती. फ्लॉरेन्सच्या 1427 च्या करयादीत मुली अठराच्या आसपास उजवल्या जात आणि नवरे तिशीचे असत.

वह्यांत कोण नाही, हा प्रश्न आकडा वापरण्याआधी विचारावा. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ नाही. वेगळ्या पंथाचे लोक नाहीत. 1640 च्या दशकातल्या यादवी युद्धात कित्येक पॅरिशांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. सगळ्यात मोठी गळती गाव सोडणाऱ्यांची. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थचा पाद्री विल्यम सॅम्प्सन यानं 1676 आणि 1688 मध्ये गावच्या माणसांची यादी केली. दोन्ही वेळा सुमारे चारशे माणसं. पण बारा वर्षांत त्यांतली साठ टक्के बदललेली. काही मेली, बहुतेक निघून गेली. कुटुंबाचा पूर्ण तक्ता भरतो तो जन्म, लग्न, मरण एकाच ठिकाणी झालेल्यांचा, म्हणजे या गावच्या अल्पसंख्याकांचा. लग्न करून आडनाव आणि गाव दोन्ही बदलणारी मुलगी तर सगळ्यात आधी हातातून निसटते. लंडनच्या लग्न-परवान्यांवरून इतिहासकार विव्हियन ब्रॉडस्की यांनी तिचा थोडा माग काढला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्येच जन्मलेल्या मुली विशीच्या आसपास लग्न करत होत्या, आणि बाहेरगावाहून चाकरीला आलेल्या त्याहून तीन-चार वर्षं उशिरा. या बाहेरून आलेल्यांतल्या पुष्कळ जणींचे वडील वारलेले होते, त्यामुळं वर निवडण्याचा आणि अटी ठरवण्याचा कारभार त्यांचा त्यांनाच करावा लागला.