बदकाचं अंडं : भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

आपल्याकडे अंडं म्हटलं की कोंबडीचंच. केरळातल्या कुट्टनाडात, बंगालमध्ये, आसाममध्ये मात्र बदकाचं अंडं घरोघरी शिजतं. पूर्व आणि आग्नेय आशियात तर त्याचे नाना प्रकार विकले जातात. आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुतेक ऐकीव गोष्टी, आणि त्यांमुळे लोक नको त्याला घाबरतात. जिथे खरंच जपायला हवं, तिथे मात्र निर्धास्त राहतात.

गैरसमज : बदकाच्या अंड्याला वशाट वास येतोच.
वस्तुस्थिती : ताज्या अंड्याची चव कोंबडीच्या अंड्यासारखीच, थोडी अधिक दाट आणि स्निग्ध असते. बदकांच्या खाद्यात मासळी फार असेल किंवा अंडं जुनं असेल, तर वास येतो. कुट्टनाडात भातकापणीनंतर बदकांचे कळप खाचरांत सोडतात. सांडलेलं भात, किडे, गोगलगायी हेच त्यांचं खाद्य.

गैरसमज : ते औषधी आहे, कितीही खावं.
वस्तुस्थिती : मूळव्याध बरी करण्याची ख्याती त्याला मिळाली आहे, पण तिला वैज्ञानिक आधार नाही. पोषण मात्र भरपूर. साधारण ७० ग्रॅमच्या अंड्यात ९ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर बी-१२ असतं. कोलेस्टेरॉलही ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट. हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी ‘हे चालेल’ असं गृहीत धरू नये.

गैरसमज : कवच जाड, म्हणून हाफफ्राय खायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : खरा धोका इथे आहे. बदकं बहुधा पहाटे अंडी घालतात, तीही मिळेल तिथे, ओल्या चिखलात. त्यामुळे कवचावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि ते आतही शिरतात. २०१०मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बदकाच्या अंड्यांतून अशी लागण झाली होती. म्हणून पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं उकडावं, बलक पूर्ण घट्ट व्हायला हवा. कच्चं अंडं घालून केलेलं मेयोनीज टाळावं.

गैरसमज : धुऊन चकचकीत केलेलं अंडं अधिक सुरक्षित.
वस्तुस्थिती : कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, धुण्याने तो जातो. शिवाय गार पाण्यात अंडं आतून आकसतं आणि सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. विकणाऱ्याने बदकांना कोरड्या पेंढ्याची जागा द्यावी, सकाळीच अंडी गोळा करावी आणि फार मळलेली बाजूला काढावी.

गैरसमज : बलक जितका लाल, तितकं अंडं अस्सल.
वस्तुस्थिती : बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. चीनच्या हेबेई प्रांतात काहींनी बदकांना घातक सुदान रंग खाऊ घातल्याचं २००६मध्ये उघड झालं. ग्राहकांना लाल बलक हवा होता, त्याचाच हा गैरफायदा.

गैरसमज : खारवलेलं अंडं शिजवावं लागत नाही.
वस्तुस्थिती : मिठाच्या पाण्यात किंवा खारट मातीच्या लेपात ते काही आठवडे मुरतं, पण शिजत नाही. कच्चं विकत घेतलं असेल, तर उकडायलाच हवं. उकडून सुरीने कवचासकट उभं कापलं की आत केशरी, रवाळ बलक दिसतो आणि कडेने तेल सुटतं. पांढरा भाग इतका खारट, की भाताबरोबर किंचितच घ्यावा. फिलिपिन्समध्ये ताज्या अंड्यांशी गफलत होऊ नये म्हणून खारवलेल्यांचं कवच रंगवतात.

गैरसमज : चीनचं ‘शतायुषी’ काळं अंडं शंभर वर्षं जुनं, घोड्याच्या मुतात मुरवलेलं.
वस्तुस्थिती : चुना, राख, मीठ आणि चहाच्या मिश्रणात ते काही आठवडे ते काही महिने ठेवतात. अल्कली आत शिरते. पांढरा भाग तपकिरी, पारदर्शक जेलीसारखा होतो आणि बलक काळपट हिरवा. प्रथिनं विघटित होताना अमोनिया सुटतो, उग्र वास त्याचा. पूर्वी काही ठिकाणी शिशाची संयुगं वापरत, म्हणून वेष्टनावर ‘शिसेविरहित’ लिहिलेलं पाहूनच घ्यावं.

गैरसमज : ‘बालूत’ म्हणजे सडकं अंडं.
वस्तुस्थिती : फिलिपिन्समधल्या पातेरोस गावाची ही ख्याती. फलित अंडी साधारण १४ ते १८ दिवस उबवतात, उजेडासमोर धरून आतलं पिल्लू तपासतात आणि मग उकडतात. खाणारा टोकाला भोक पाडून आधी गरम रस पितो, नंतर मीठ किंवा व्हिनेगर लावून बाकीचं खातो. ज्याला नको त्याने खाऊ नये, पण बालूतला सडकं म्हणणं हा त्या कसबाचा अपमान आहे.

दराबद्दलही एक सांगायला हवं. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरंच वजनदार असतं, म्हणून नगाला नग लावून त्याला महाग म्हणणं कळप राखणाऱ्यावर अन्याय आहे. दर वजनावर तोला, अंडी कधीची ते विचारा आणि घरी नीट शिजवा.