एकच आज्ञावली, दोन दारे

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील तीनशे इतिवृत्ते संगणकावर टंकलिखित झालेली आहेत आणि ती पीडीएफ स्वरूपात वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावयाची आहेत, असे समजू. लिपिकाने प्रत्येक इतिवृत्त पडद्यावर उघडून माऊसने काम करावयाचे म्हटले, तर तीच कृती तीनशे वेळा करावी लागेल. त्यात एखादे इतिवृत्त नजरचुकीने राहून जाण्याचा संभवही आहेच.

यावर उपाय म्हणजे पडद्यावर काहीही न उघडता, लेखी आज्ञा देऊन काम करून घेणे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळा झालेला लिबरऑफिस हा मुक्त संच या दोन्ही पद्धतींनी चालतो. एरवी तो खिडकी उघडून वापरणाऱ्याची वाट पाहतो. परंतु आज्ञेत ‘हेडलेस’ हा शब्द आणि हवे ते स्वरूप नमूद केले, की तो खिडकी न उघडता रूपांतर करतो. एकाच आज्ञेत अनेक फायली नेमून देता येतात.

अडचण कोठे येते?

विंडोज प्रणालीत प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभीच्या माहितीत ती ‘चित्रमय’ की ‘कन्सोल’ अशी नोंद असते. आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच प्रणाली ती वाचते. चित्रमय नोंद असेल, तर आज्ञेची काळी खिडकी काम संपण्याची वाट न पाहता लगेच मोकळी होते आणि आज्ञावलीचा संदेश तेथे उमटत नाही. काम झाले की फसले, हे लिपिकास कळत नाही. उलट कन्सोल नोंद केली, तर चिन्हावर टिचकी मारणाऱ्यासमोर काळी खिडकी विनाकारण उभी राहते. एका फाईलवर एकच नोंद असू शकते. त्यामुळे दोन्हींची सोय एकाच फाईलने नीट होत नाही.

बांधणीतील तोड

लिबरऑफिसच्या विंडोज बांधणीत म्हणून ‘सॉफिस’ याच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. पहिलीच्या नावापुढे ‘ईएक्सई’ आणि दुसरीच्या नावापुढे ‘कॉम’ हे उपपद असते. पडद्यावरील चिन्ह पहिलीकडे नेते. आज्ञेत उपपद न लिहिता नुसते नाव दिल्यास प्रणाली, नेहमीच्या रचनेनुसार, ‘कॉम’चा शोध आधी घेते. ही छोटी फाईल मूळ आज्ञावलीस कामाला लावते, तिचे संदेश लिपिकापर्यंत पोचविते आणि काम संपेपर्यंत थांबते. रूपांतर करणारा गाभा एकच राहतो, दारे मात्र दोन होतात. इंकस्केप या चित्रे रेखाटण्याच्या आज्ञावलीतही हीच युक्ती योजिली आहे.

लिनक्स प्रणालीत अशी नोंद नसल्याने एकच दार पुरते. तेथे दक्षता निराळी घ्यावी लागते. पडदाच नसलेल्या संगणकावर आज्ञावलीने आरंभीच खिडकी मागितली, तर ती तेथेच थांबते. म्हणून आज्ञा आधी वाचावी आणि खिडकी गरज असेल तरच मागावी, असा क्रम ठेवावा लागतो.

कार्यालयासाठी आज्ञावली तयार करून घेताना म्हणूनच एक प्रश्न अवश्य विचारावा : लेखी आज्ञेने काम दिल्यास ती यशापयशाचा अहवाल परत देते काय? तीनशेपैकी एक इतिवृत्त राहिले तर ते त्याच दिवशी कळले पाहिजे. ग्रामस्थाने नक्कल मागितल्यावर ते कळून उपयोग नाही.