गोळीमुळे केअर होम लांबतं का?

‘वडिलांना अल्झायमर आहे. डोनेपेझिल सुरू करून वर्ष होत आलं, फरक काही दिसत नाही. निदान त्यांना बाहेर कुठे ठेवायची वेळ तरी लांबेल का?’ स्मृतिभ्रंशावर काही लिहिलं की अशा आशयाचा प्रश्न येतोच. उत्तर शोधायला जावं तर परस्परविरोधी उत्तरं मिळतात, आणि तीही नामांकित नियतकालिकांत छापलेली.

डोनेपेझिल ही जपानच्या एसाई कंपनीतल्या हाचिरो सुगिमोतो यांची कामगिरी. आईला झालेला स्मृतिभ्रंश पाहून ते या संशोधनात अधिकच गुंतले. अमेरिकेत १९९६ साली या औषधाला परवानगी मिळाली. मेंदूतलं ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला ते अडवतं; पेशींचं मरण मात्र थांबवत नाही. चाचण्यांत स्मरणशक्तीचे गुण थोडे सुधारले. पण चार गुण वाढले म्हणून घरच्यांचं ओझं हलकं होतंच असं नाही, आणि औषधाचा खर्च उचलणाऱ्या सरकारांनाही तेवढ्यावर पटत नव्हतं. मग केअर होममध्ये दाखल होण्याची तारीख हीच मोजपट्टी झाली.

२००३ साली अमेरिकेतल्या डेव्हिड गेल्डमाकर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या चाचण्यांतल्या रुग्णांचा माग काढला. ज्यांनी गोळी पुरेशा मात्रेत आणि दीर्घकाळ घेतली, त्यांचं केअर होम सुमारे २१ महिन्यांनी लांबलं, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनच्या ‘एडी २०००’ चाचणीचे निष्कर्ष आले. ५६५ रुग्ण, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. तीन वर्षांनी केअर होममध्ये गेलेले: गोळीवाले ४२ टक्के, खोटी गोळीवाले ४४ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

पहिल्या अभ्यासाची गोम सोपी आहे. रोज पहाटे पर्वती चढणारे आजोबा ठणठणीत असतात, म्हणून पर्वतीच्या पायऱ्या औषधी ठरत नाहीत. ठणठणीत असतात म्हणूनच ते चढतात. वर्षानुवर्षं गोळी घेत राहणाऱ्याची प्रकृती ती सोसण्याइतकी बरी असते आणि ती वेळच्या वेळी हातावर ठेवणारं माणूस घरात असतं. केअर होम लांबवायला एवढं पुरेसं असू शकतं.

म्हणून गोळी निरुपयोगी ठरते का? तसंही नाही. ब्रिटनमध्येच ‘डोमिनो’ चाचणीत, आधीपासून डोनेपेझिल घेणाऱ्या, आजार बराच पुढे गेलेल्या २९५ रुग्णांपैकी काहींची गोळी थांबवली गेली. त्यांची केअर होममध्ये जाण्याची शक्यता पहिल्या वर्षात गोळी चालू ठेवणाऱ्यांच्या दुप्पट झाली. पुढच्या तीन वर्षांत मात्र हा फरक दिसला नाही.

या सगळ्या गोंगाटात ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, त्या मेरी मिटलमन मला या विषयाच्या खऱ्या नायिका वाटतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या या साथरोगतज्ज्ञ बाईंनी रुग्णाला सोडून त्याच्या जोडीदाराकडे पाहिलं. पहिल्या चार महिन्यांत समुपदेशनाच्या सहा बैठका: दोन एकट्याच्या, चार इतर नातेवाइकांना सोबत बसवून. पुढे मदतगट, आणि अडलं की फोन करायची मुभा, तीही वर्षानुवर्षं. ४०६ जोडीदारांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ साली आला: ज्यांना हा आधार मिळाला, त्यांच्या रुग्णांचं केअर होम ५५७ दिवसांनी लांबलं. दीड वर्ष, आणि इथे चिठ्ठ्याही टाकलेल्या होत्या! एका केंद्रातला अभ्यास म्हणून थोडा हात राखूनच बोलावं, पण हे एखाद्या गोळीने केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी झाली असती. समुपदेशनाचं पेटंट कोण घेणार?

कारण उघड आहे. दाखल करण्याचा निर्णय रुग्णाचा मेंदू घेत नाही. रात्री चार वेळा उठून दार लावणारी, ओली चादर बदलणारी बायको थकते तेव्हा तो होतो. आपल्याकडे केअर होम मोजकीच आणि महागडी, त्यामुळे भार सुनेवर, लेकीवर किंवा ब्युरोच्या मावशींवर. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत, थोडं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांना घरोघरी पाठवून पाहिलं. सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सहा महिन्यांत सुधारलं.

आता लेकॅनेमॅबसारखी महागडी इंजेक्शनं आली आहेत. त्याच्या मुख्य चाचणीत दीड वर्षानंतर १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ इतका फरक दिसला, तोही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत. त्यावरून केअर होम अमुक वर्षांनी लांबेल असं कुणी सांगितलं, तर तो गणिती अंदाज समजावा. प्रत्यक्ष मोजलेली गोष्ट नव्हे.

तेव्हा फरक दिसत नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि पुढच्या तपासणीला वडिलांबरोबर आईलाही न्या; तिची झोप किती होते, हेही डॉक्टरांना सांगा.